मागच्या सीटवरचं वजन

सुमन, शेठची गाडी काल परत आल्ती. तीच ती, काळी, परदेशी. तुझं तेरावं झालं, पाव्हणे पांगले, वैशाली आणखी दोन दिवस राह्यली अन् काल सकाळी तीबी सासरी गेली. पोरगी किती दिवस बापाजवळ बसंल? ती गेली अन् घर खायला उठलं, म्हणून मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं. काम करायचं म्हणून न्हाई, घरात बसवंना म्हणून. तर समोर ही गाडी उभी. शेठचा ड्रायव्हर रफिक उतरला, टोपी काढून हातात घेतली, "भाभी का सुना," म्हणला, अन् मंग जमिनीकडं बघत म्हणला, "उस्ताद, लाइटचा पुन्हा घोळ हाय. पण घाई बिलकुल न्हाई. पुढच्या हप्त्यात बघू." मी म्हणलो, आण आत.

थकलो गं मी. रडून रडून माणूस थकतं म्हणतात, पण मी काई तेवढा रडलोबी न्हाई. लोकांना चहा पाजून थकलो. "कसं झालं, कधी कळलं, आधी काईच कसं कळलं न्हाई" हे तेच तेच सांगून थकलो. दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणले, बाईचं मागं काई राह्यलं न्हाई, सुखानं गेली. तुझं काई राह्यलं नसंल, पण माझं राह्यलं की. आपलं भांडण अर्धंच राह्यलंय, अन् ते मिटवायला आता मी एकटाच हाय.

तुला सगळं ठाऊक हाय, तरी सांगतो. दुसऱ्या कोणाला सांगू?

लग्न झालं तेव्हा माझं दुकान म्हणजे जुन्या जालन्यात, धान्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक टपरी. मागं दोन खोल्या, मधी अंगण, अन् अंगणापलीकडं आडत्याच्या गोदामाची मागची भिंत. गाडीची वायरिंग, डायनामो, सेल्फ, हॉर्न, हेडलाइट, जे येईल ते करायचो. जास्त यायचे ते घनसावंगीचे जीपवाले. जीप रिकामी असली की लाइट बराबर रस्त्यावर. पण ते रिकामी चालवतात कुठं? आत माणसं कोंबली, मागं लटकली, की जीपचं नाक वर अन् सगळा उजेड बाभळीच्या शेंड्याला. समोरून येणाऱ्याला तर काईच दिसायचं न्हाई. मंग मी ठरवलं, जीपचा लाइट लावायचा तर मागं वजन ठेवूनच लावायचा. अन् वजन कुठून आणू? तुला हाक मारली. "ये गं, बस मागं."

तू पदराला हात पुशीत आलीस, चढलीस, ऐसपैस बसलीस. गोदामाच्या भिंतीवर मी चुन्याचा पट्टा मारून त्यावर कोळशानं रेघ ओढली. तू बसायचीस, मी स्क्रू फिरवून उजेड रेघंवर आणायचो, "उतर" म्हणायचो. तू उतरताना जीपवाल्याला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "लोकाच्या बायका गाडीत बसून गावाला जातात. मी बसते अन् तिथंच उतरते." सगळे हसायचे. मीबी हसायचो. तुला खरंच कुठं घेऊन गेलो न्हाई ते न्हाईच. परतूरला तुझ्या माहेराला, तेबी रेल्वेनं.

मंग शेठनं ही गाडी घेतली. बियाण्याच्या धंद्यात त्यांची भरभराट झाल्ती. मला तर ती उघडायचीच भीती वाटली. तिचे लाइट आपले आपण वरखाली होतात. मागच्या चाकापाशी बोटाएवढी दांडी असती, तिच्या टोकाला सेन्सर. मागं वजन आलं की गाडी बसती, दांडी हालती, सेन्सर पुढं कळवतो, अन् लाइटातली बारकी मोटर उजेड खाली ओढून जागेवर आणती. मी हे तुला जेवताना समजावून सांगितलं तर तू म्हणलीस, "म्हणजे माझी नोकरी गेली म्हणा की."

"गेली कशी? आता तर तुझ्याशिवाय भागतच न्हाई. हे सगळं चालतंय का न्हाई हे वजन ठेवल्याबिगर कळणार कसं?"

"मंग पगार वाढवा," म्हणलीस, अन् माझ्याच ताटातलं लोणचं उचललं.

पहिल्यांदा ती गाडी आली तेव्हा बिघाड सोपा होता. शेठ शेताशेतावर हिंडायचे, आपली काळी माती दांडीला थापून थापून वाळल्ती, दगडासारखी. दांडी हालतच नव्हती, मंग सेन्सर काय कळवणार? मी माती खरवडली, धुतली, दिवेलागणीला गाडी अंगणात उभी करून तुला हाक मारली. गाडी रिकामी असताना उजेड कुठं पडतो तिथं खालची रेघ. तू बसल्याबरोबर नाक उचललं, उजेड दोन बोटं वर गेला, तिथं मी वरची रेघ मारली. अन् मंग श्वासभर थांबून लाइटातून "गुंईं" असा आवाज आला अन् उजेड आपला आपण सरकत खालच्या रेघंवर येऊन बसला. मी तोंडात बोट घातलं. तू आतून विचारलंस, "आलं का खाली?"

"आलं, आलं. उतर."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. गाडी आली की तू बसायचीस, अन् दर खेपेला आतून तेच, "आलं का खाली?" रफिक एकदा म्हणला, भाभीला कशाला त्रास, ज्वारीचं पोतं ठेवू. मी म्हणलो, "पोत्याचं वजन रोज वेगळं. हिचं लग्नापासून हाललेलं न्हाई." तू ते ऐकलंस. दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाईस, अन् भाजीत मीठ घातलं न्हाईस. शुगरच्या गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं, तर तू त्यांना म्हणलीस, "यांचं दुकान बंद पडंल." असली तू.

गेल्या दिवाळीनंतर गाडी आली तेव्हा तू बसलीस, अन् उजेड बोटभरच चढला, अन् तिथंच राह्यला. मोटरचा आवाज न्हाई. खाली यायचं नावच न्हाई. वरच्या रेघंपर्यंत का गेला न्हाई, असं मी रफिकला विचारलं, तर तो म्हणला मागचे स्प्रिंग नवे टाकलेत. म्हणलं बराबर, नवे स्प्रिंग कडक असतात, गाडी कमी बसत असंल. पण मोटर का हालंना? दांडी धुतली. वायर बदलली. प्लगाच्या पायांना हिरवा गंज चढल्ता, तो घासला. पुन्हा तुला बसवलं, पुन्हा तेच. मंग मी ठरवलं, सेन्सर गेला.

तेव्हा आपलं ते भांडण झालं. भांडण म्हणजे काय, बोलणंच. भाकरी थापता थापता तू म्हणलीस, "यंत्र बराबरच असंल."

"बराबर हाय तर उजेड खाली का येईना?"

"ते मला काय ठाऊक? पण यंत्र कशाला खोटं बोलंल? त्याला कुणाची भीती हाय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? यंत्रच खोटं बोलतं. सडतं, गंजतं, अन् वर बराबर असल्याचं सोंग करतं."

तू काई बोलली न्हाईस. भाकरी उलटलीस. मी किती येळा त्या गप बसण्याकडं आता मागं वळून बघतो, पण तुझी पाठच दिसती.

मुंबईहून नवा सेन्सर आला. बसवला. तुला बसवलं. उजेड बोटभर वर, अन् तिथंच. शेठचा फोन आला, म्हणले जमत नसंल तर गाडी मुंबईला पाठवतो, मनाला लावून घेऊ नका. मनाला लावून घेऊ नका म्हणजे काय? जालन्यात तसल्या गाडीला हात लावणारा मी एकच होतो, अन् बाकी गाड्यावाले त्याच नावावर माझ्याकडं यायचे. मी पायरीवर बसून राह्यलो. जेवलो न्हाई. तू चहा आणलास, शेजारी बसलीस, खांद्यावर हात ठेवलास. तुझा हात हलका लागला. मला वाटलं जपून ठेवलास.

दुसऱ्या दिवशी मी प्लग पुन्हा काढून घासूनपुसून बसवला, काईतरी करायचं म्हणून. दिवे लागले तशी हाक मारली. तू गिरणीतून येतच होतीस, दळणाचा मोठा डबा कमरेवर, काठोकाठ. दम लागल्ता तुला. मी म्हणलो, "दोघं तर आपण, एवढं दळण कशाला?" तू म्हणलीस, पाव्हणे यायचेत. "डबा ठेव अन् बस," म्हणलो, तर म्हणलीस, "खाली सगळं ऑइल सांडलंय. मांडीवरच घेते." अन् डबा मांडीवर घेऊन बसलीस. मी दार लावलं.

उजेड वर गेला. मंग, "गुंईं."

उजेड वरच्या रेघंपर्यंत गेला का, ते मी बघितलंच न्हाई गं. तो आवाज ऐकला अन् नाचलोच. उजेड सरकत सरकत खाली आला अन् रेघंवर बसला. आतून तुझा आवाज आला, "आलं का खाली?" मी वरडलो, "आलं गं, आलं!" कोपऱ्यावरून पेढे आणले. साऱ्या गल्लीला सांगितलं, प्लगाचा जोड ढिला होता, एवढंसं काम अन् महिनाभर रडवलं. तू पेढ्याचा कण मोडून तोंडात टाकलास अन् बाकीचा रफिकच्या हातावर ठेवलास. फार खूश दिसलीस. तुझं ते हसणं मी किती दिवस पुरवून पुरवून आठवलं, म्हणलं माझ्या कामावर खूश झाली.

पाव्हणे काई आले न्हाईत. मी विचारलंबी न्हाई.

पुढचं तर सगळ्यांना ठाऊकच हाय. संक्रांतीच्या सुमाराला तुझे डोळे पिवळे दिसले, म्हणलं कावीळ असंल, तर इथल्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं. तिथं त्यांनी पोट तपासलं, फोटो काढले, अन् विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? मी म्हणलो, हिचं वजन कुठं उतरतंय? डॉक्टरांनी तुला काट्यावर उभं केलं. आकडा बघून मी त्यांच्याशीच भांडलो, काटा खराब हाय म्हणलो. तू खाली उतरून चपला घालून राह्यल्तीस. डॉक्टर म्हणले, काटा बराबर हाय. मंग तुला म्हणले, बाई, तुम्हाला तर कळलं असंल? तू म्हणलीस, "झालं असंल दोन-तीन म्हयने. कामात ध्यान राहत न्हाई." अन् पदर आवळून घेतलास. तेव्हा पहिल्यांदा मी तुझा दंड बघितला. ब्लाऊजच्या बाह्या आतून किती किती शिवून घेतल्त्या तू. दुपारी मशीनवर बसलेली बघितलं होतं मी तुला. विचारलं तर म्हणल्तीस, वैशालीचे कपडे हायेत.

राग येतो मला तुझा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू दे. अंगावरचं उतरलेलं वजन बाई काई पदरात बांधून ठेवती का, की कोणाला दिसू नये? पण तू ठेवलंस.

कारण मला ठाऊक हाय. तुझी बहीण कमल. परतूरची कमल पोट दुखतंय म्हणून मोठ्या दवाखान्यात गेली, तिला चिरलं, अन् महिन्यात गाडीतून आडवी घरी आणली. तेव्हा तू चुलीपुढं बसून म्हणल्तीस, "मी न्हाई जायची तशी. काई झालं तरी न्हाई." मी म्हणलो, तुला काय धाड भरलीय? विषय संपला. तो तुझ्यात संपला नव्हता, हे आता कळतंय. डॉक्टर म्हणले, आधी आला असता तरी फार काई झालं नसतं, हा आजारच तसला. ते खरं का माझं मन राखायला म्हणले, देव जाणे. मी खरंच धरून बसलोय. तुझ्यावर अजून काई लादायचं न्हाई मला.

अन् तिथं दवाखान्यात, नाकात नळी, तोंडाला कोरड, तरी तू मला काय विचारलंस? "शेठची गाडी बराबर चालून राह्यली ना?" मी म्हणलो, चालून राह्यली. "मंग झालं," म्हणलीस अन् डोळे मिटलेस. मला वाटलं, बाईचा माझ्या कामात किती जीव. जीव होताच. तुझ्याएवढा माझ्या धंद्यात मीबी जीव लावला न्हाई. तुझ्या हातची भाकरी, तुझी बोलणी, तुझं ते अंगणात उभं राहून गिऱ्हाइकाला दटावणं, "उद्या म्हणजे उद्या, आज न्हाई". त्याच्यावर ते दुकान उभं राह्यलं. हे मी तुला कधी म्हणलो न्हाई. आपल्याकडं म्हणतात का कोणी बायकोला?

तर कालचं सांगतो. गाडी खालून बघितली तर नव्या सेन्सरची दांडी दगड लागून तुटल्ती. घनसावंगीच्या रस्त्यावर काय धड राहतंय? नवा मागवायला वेळ लागणार. मी खण उघडला, त्यात तो जुना पडल्ता, मीच खराब ठरवलेला. म्हणलं गाडी लंगडत तरी जाईल. बसवला. तोवर दिवे लागले. रफिकनं गाडी भिंतीसमोर नेऊन लावली. अन् मी सवयीनं घराकडं तोंड करून हाक मारली, "ये गं, बस मागं."

रफिक खाली बघायला लागला. मंग हळूच म्हणला, उस्ताद, मैं बैठता हूं. मी म्हणलो, न्हाई. तू भिंतीजवळ उभा राहा अन् रेघ बघ. मी बसतो.

सुमन, त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. मी कायम भिंतीजवळ. आत बसलो, दार लावलं, अन् पुढच्या दोन सीटांच्या मधून बघितलं तर काचेतून समोर ती सगळी भिंत. चुन्याचा पट्टा. खालची रेघ, वरची रेघ. स्वच्छ. उजेड वरच्या रेघंला टेकला, थांबला, "गुंईं" झालं, अन् खाली येऊन बसला. जुना सेन्सर. मी टाकून दिलेला. बिलकुल चांगला.

मी उतरलो. ट्रकची एक बॅटरी पडल्ती, ती उचलून सीटवर ठेवली. उजेड बोटभर चढला अन् तिथंच राह्यला. आवाज न्हाई, काई न्हाई. मंग तिच्यावर स्कूटरच्या दोन लहान बॅटऱ्या ठेवल्या. "गुंईं." आला खाली. थोडक्या वजनाला ते यंत्र हालतच न्हाई गं, जागचं उठायला त्याला अमुक एक वजन लागतं, अन् गेल्या दिवाळीला तू त्याच्या खाली आल्तीस. स्प्रिंग न्हाई, प्लग न्हाई, सेन्सर न्हाई. अन् त्या संध्याकाळी मोटर चालली ती तुझ्या मांडीवरच्या डब्यानं.

मी बॅटऱ्या काढून ठेवल्या अन् पुन्हा आत जाऊन बसलो. तुझ्याच जागेवर. रफिक भिंतीजवळच उभा.

दिसत होतं तुला. दर खेपेला दिसत होतं, माझ्याआधी. तरी विचारायचीस, "आलं का खाली?" मला सांगू द्यायचं म्हणून. अन् दिवाळीनंतर वरच्या रेघंपर्यंत उजेड चढला न्हाई, ते इथं बसून एकटीनं बघितलंस. मी दांडी धुवत होतो, वायरी बदलत होतो, अन् तू इथं बसून बघत होतीस. मंग माझं नाव जाऊ नये म्हणून गिरणीत जाऊन काठोकाठ दळण आणलंस. दम लागत होता तुला. स्वैपाकघरात तो डबा अजून तसाच हाय, पीठ कडू झालंय, वैशाली फेकून देत होती, मी फेकू दिलं न्हाई. का, ते तिला सांगता आलं न्हाई.

भांडण मी हारलो. यंत्र बराबर होतं, त्याला कुणाची भीती नव्हती. तुला होती. मला सांगायचं होतंस गं. मी काय केलं असतं? काईच करता आलं नसतं. मीबी भ्यालो असतो. पण दोघं मिळून भ्यालो असतो.

रफिकनं येऊन काचेवर टकटक केलं. म्हणला, "आ गया नीचे, उस्ताद. उतरो अब."

मी म्हणलो, थांब जरा.